हूज लिहिताना

चि. सायली,


तुझा अहवाल वाचला. विहिरींची पाहणी तू मन लावून केली आहेस, म्हणूनच इंग्रजीतल्या एका गोष्टीवर सविस्तर लिहिते.

‘द फार्मर हू हिज वेल वॉज ड्राय’ असं तू तीन-चार ठिकाणी लिहिलंस. तिथे ‘हू हिज’ काढ आणि ‘हूज’ लिही: ‘द फार्मर हूज वेल वॉज ड्राय’. मालकी एकट्या ‘हूज’मध्ये आली, आता ‘हिज’ही नको आणि ‘वेल’आधी ‘द’ही नको. आपल्याकडे ज्याचा, ज्याची, ज्याचे असं रूप बदलतं, इंग्रजीत एकच रूप सगळीकडे चालतं. स्पेलिंग मात्र सांभाळ. अॅपॉस्ट्रॉफी घातलीस की ते ‘हू इज’ किंवा ‘हू हॅज’ होतं.

विहीर, गाव, तलाव यांच्यासाठी ‘हूज’ चालत नाही, असं तुला कुणीतरी शिकवलेलं दिसतं. त्यामुळे ‘द वॉटर ऑफ विच’, ‘द वॉल ऑफ विच’ असं लिहून तू वाक्यं जड केलीस. ही भीती सोड. जुन्या इंग्रजीत ‘हू’ आणि ‘व्हॉट’ या दोघांचं षष्ठीचं रूप एकच होतं, आजचं ‘हूज’ त्यातूनच आलं. मिल्टनने १६६७ च्या ‘पॅराडाइज लॉस्ट’च्या अगदी सुरुवातीलाच ते झाडाच्या फळाबद्दल बोलताना वापरलंय आणि फाउलरने १९२६ च्या आपल्या कोशात निर्जीव वस्तूंसाठीच्या ‘हूज’ची ठामपणे बाजू घेतली आहे. ‘अ व्हिलेज हूज टँक इज सिल्टेड’ हे निःशंक लिही.

खरी काळजी जागेची. ‘द सन ऑफ अ फार्मर हूज लँड वॉज सोल्ड’ या तुझ्या वाक्यात जमीन बापाची की मुलाची? मराठीत ‘ज्या शेतकऱ्याची जमीन विकली गेली, त्याचा मुलगा’ म्हटलं की प्रश्नच उरत नाही, कारण ‘ज्या’ मालकाच्या नावालाच चिकटून येतो. इंग्रजीत ती खूण नाही, वाचणारा शेजारचं नाम धरून चालतो, तेही खात्रीने नाही. म्हणून वाक्य आधी मनात मराठीत म्हण, मालक कोण ते पक्कं कर आणि त्याला ‘हूज’च्या लगेच आधी बसव. जमलं नाही तर सरळ दोन वाक्यं कर, त्यात काही कमीपणा नाही.

स्वल्पविरामाचं तर मला फारच वाईट वाटलं, कारण तिथे तुझा निष्कर्षच बदलतो. ‘द फार्मर्स हूज वेल्स ड्राइड अप सोल्ड देअर कॅटल’ म्हणजे ज्यांच्या विहिरी आटल्या तेवढ्यांनीच जनावरं विकली. ‘फार्मर्स’नंतर आणि ‘अप’नंतर स्वल्पविराम दिलास तर सगळ्यांच्याच विहिरी आटल्या आणि सगळ्यांनीच जनावरं विकली, असा अर्थ होतो. तू ते दिले आहेस, पण तुझा तक्ता वेगळं सांगतो. ज्यांनी उन्हात उभं राहून तुला माहिती दिली, त्यांच्याबद्दल चुकीचं छापून जाता कामा नये. हे वाक्य आजच दुरुस्त कर.

आभारातलं ‘अंडर हूज गायडन्स’ अगदी बरोबर आहे, त्याला हात लावू नकोस. दुसरं प्रकरण रविवारपर्यंत पाठव.

तुझी,
मावशी