आधी सांग, मग लिही

सोने, परवा तू फोनवर मला आनेकलच्या करगा उत्सवाची रात्र सांगितलीस. मोगऱ्यानं मढवलेला करग्याचा घट डोक्यावर तोलत येणारा पुजारी, त्याच्या भोवती तलवारी घेतलेले वीरकुमार, सगळं वीस मिनिटांत माझ्या डोळ्यांपुढं उभं केलंस. तीच रात्र मंडळाच्या स्मरणिकेसाठी लिहायला बसलीस तर तीन संध्याकाळी गेल्या आणि वहीत जेमतेम अर्धं पान. ‘आज्जा, मला मराठी येतच नाही वाटतं,’ म्हणालीस. ते मनातून काढून टाक. मराठी तुला चांगली येते. तुझ्या एकटीवर तीन माणसांचं काम पडलंय, म्हणून जड जातंय.

ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये नेवाशाला गीतेचा अर्थ मराठीत सांगितला, तेव्हा समोर श्रोते बसले होते आणि लिहून घ्यायला सच्चिदानंदबाबा होते. सांगणारा एक, ऐकणारे दुसरे, लिहिणारा तिसरा. आपल्या इकडंही तसंच. १६३८ मध्ये बेंगळूर पडलं आणि पुढं शहाजीराजांकडे त्याची जहागीर आली. त्या काळच्या मराठी दफ्तरात सांगणारा कारभारी वेगळा, मोडी लिहिणारा कारकून वेगळा. कारकून आधी कागदावर आडवी रेघ ओढून घ्यायचा आणि मग बोरू होता होईतो न उचलता अक्षरं त्या रेघेखाली जोडत जायचा. इतका सराईत हात असला तरी तोंड पुढंच. आपण मिनिटाला शंभरावर शब्द सहज बोलतो, हातानं वीस-पंचवीस लिहितो. हात ‘पुजारी’ लिहून होईपर्यंत मन देवळापर्यंत जाऊन परत येतं, आणि वाक्याचं शेपूट सापडत नाही.

त्यातून ऐकणारा समोर नाही. ‘मग तो तिथं थांबला,’ असं तू फोनवर म्हणालीस. मी विचारलं, कोण? कुठं? तू लगेच सांगितलंस. वहीला असं विचारता येत नाही. जिगणीच्या कारखान्यात मी नवीन होतो तेव्हा एका रात्री मशीन बंद पडलं. सुपरवायझरला दोन मिनिटांत बोट दाखवून सगळं समजावलं. तेच रजिस्टरात लिहायला पाऊण तास लागला आणि कुठलं मशीन हेच लिहायचं राहिलं. सकाळच्या पाळीनं भलतंच मशीन उघडलं. बोटानं जे दाखवलं होतं ते कागदावर उतरलंच नव्हतं. तेव्हापासून लिहायला बसलो की पहिल्यांदा माणसांची नावं, जागा आणि वेळ एका बाजूला मांडून ठेवतो. तूही तसंच कर.

आता ही तीन कामं एका बैठकीत करू नकोस. आधी नुसतं सांग, मोठ्यानं, कुणाला तरी. मग लगेच वही घे आणि सांगितलं तसंच उतरव. मराठी शब्द आठवला नाही तर कन्नड लिही, तोही नाही सुचला तर जागा सोड. पण थांबू नकोस, आणि खोडू तर अजिबात नकोस.

शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी. तू सर्वांत जास्त अडतेस ती इथंच, हे मी पाहिलंय. ‘मूल’ लिहितेस आणि ‘मुलाला’पाशी पेन थांबतं. बोलताना हा ऱ्हस्व-दीर्घाचा फरक आपण कुणीच मोजत नाही, लिहिताना मोजावा लागतो. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही आहेत, दीर्घही. आपण मराठी लिहिताना तो भेद दाखवत नाही. उलट आपल्या तोंडात ‘चार’चा च वेगळा आणि गुरांच्या ‘चाऱ्या’चा वेगळा, पण अक्षर एकच. तोंड आणि कागद कुठंच पुरते जुळत नाहीत. माझ्या आजोबांच्या पत्रांत ‘घरीं’, ‘नाहीं’ अशी टिंबं आहेत. पुढं १९६२ च्या नियमांनी ती गेली. आजोबांचं बोलणं काही त्या टिंबांत नव्हतं. म्हणून नियम पाळायचे, पण सांगणं कागदावर आल्यावर.

फोनमध्ये बोलून टाईप करायची सोय आहे, तीही वापर. फक्त तो मजकूर तसाच पाठवू नकोस. एकदा वाचलास तर दिसेल, ‘तो’ कितीदा आलाय आणि दर वेळी वेगळाच माणूस आहे.

रविवारी चंदापूरवरून बस धर आणि वही घेऊन ये. ऐकायला आज्जी बसेल. तिला हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळं प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागतं. दुसऱ्यांदा सांगताना ते आपोआप आखूड होतं आणि ‘तो’च्या जागी नाव येतं. ते दुसरं वाक्य लिही.