ऋण संख्यांच्या गुणाकाराविषयी



ऋण गुणिले ऋण बरोबर धन, हे सूत्र शाळेत तोंडपाठ होते. परंतु केवळ पाठांतरावर विसंबणारा विद्यार्थी तेच सूत्र बेरजेलाही लावतो आणि (−३) + (−४) याचे उत्तर −७ ऐवजी ७ लिहून मोकळा होतो. म्हणून नियमाआधी नियमाचे कारण समजून घ्यावे.

बंगळुरूतील एखाद्या इमारतीच्या गच्चीवरील टाकीतून दर मिनिटाला ४० लिटर पाणी कमी होत असेल, तर हा बदल −४० मानावा आणि येणारी मिनिटे धन, तर सरलेली ऋण धरावीत. पाच मिनिटांनी टाकीत आतापेक्षा २०० लिटर पाणी कमी असेल, म्हणजे (−४०) × ५ = −२००; आणि पाच मिनिटांपूर्वी ते २०० लिटर जास्त होते, म्हणजे (−४०) × (−५) = २००. उदाहरणाने नियम पटतो, सिद्ध मात्र होत नाही.

सिद्धतेचा आधार वितरणाचा नियम हा आहे: कंसातील बेरजेला एखाद्या संख्येने गुणले काय, किंवा प्रत्येक पदाला स्वतंत्रपणे गुणून मग बेरीज केली काय, उत्तर एकच येते. ४ आणि −४ या विरुद्ध संख्या, म्हणजे बेरीज शून्य होणाऱ्या संख्या असल्यामुळे (−३) × [४ + (−४)] = ० होते. −३ चार वेळा मिळवल्यास −१२ येतात. तेव्हा एकूण शून्य राहायचे, तर (−३) × (−४) ची किंमत १२ असण्यावाचून गत्यंतर नाही.

ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त धन, ऋण व शून्य यांच्या गुणाकाराचे नियम सांगितले. धन व ऋण या दोहोंचा वर्ग धनच येतो, म्हणून ऋण संख्येला वर्गमूळ नाही, हा निष्कर्ष बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त मांडला. इंग्लंडात मात्र फ्रान्सिस मासेरेस या गणितज्ञाने १७५८ मध्येही ऋण संख्यांच्या वापराला आक्षेप घेणारा ग्रंथ लिहिला. तेव्हा शंका येणे हा बुद्धीचा दोष मानू नये. शंका न विचारता सूत्र गिरवणे मात्र टाळावे.

उदाहरण सोडवताना क्रिया बेरजेची की गुणाकाराची, हे आधी पाहावे, आणि कंस गाळू नयेत, कारण (−३)² = ९ असले तरी −३² = −९ असते. सूत्र विसरल्यावरही ज्याला ते कागदावर पुन्हा सिद्ध करता येते, त्यालाच ते आले असे म्हणावे.