लांडगा, कोकरू आणि बादशहा

‘वाघ-शेळी एका घाटावर पाणी पितात’ अशी चांगल्या राज्याची खूण आमच्या मुळशीकडची म्हातारी माणसे सांगतात. शेळीला काय वाटते, हे मात्र म्हण सांगत नाही. १९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला त्या मुलखात वाढल्यामुळे असेल, पण मला हा प्रश्न पडतो खरा.

बायबलातील यशया संदेष्ट्यानेही असेच स्वप्न पाहिले होते : लांडगा आणि कोकरू एकत्र राहतील, सिंह बैलासारखा कडबा खाईल. १५६८ ते १५७२ या काळात अँटवर्पच्या प्लान्टिन छापखान्याने अनेक भाषांतील बायबल आठ खंडांत छापले, तेव्हा तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या त्याच्या मुखचित्रात हेच प्राणी एका गव्हाणीत चरताना दाखविले. ग्रंथाचा आश्रयदाता होता स्पेनचा राजा दुसरा फिलिप. म्हणजे चित्र धर्माचे. पण हे सख्य कोणाच्या छत्राखाली नांदते, ते वाचकाने ओळखायचे. प्रत्यक्षात नेदरलँड्स फिलिपविरुद्ध बंड करून उठले होते, आणि १५७६ मध्ये पगार थकलेल्या त्याच्याच सैनिकांनी अँटवर्प शहर लुटले!

हेच बायबल गोव्यामार्गे हिंदुस्थानात आले. रुडॉल्फ अक्वाविवा व त्याचे सोबती हे जेझुइट पाद्री १५७९ च्या अखेरीस गोव्याहून निघाले आणि १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीस पोहोचले. त्यांनी ते अकबरास नजर केले. अकबराने खंड मस्तकी लावले. त्याच्या चित्रकारांनी मात्र अशा छापील चित्रांचा कित्ता गिरविला.

पुढे युरोपात बरोक शैली बहरली. रूबेन्ससारखा चित्रकार त्याच छापखान्यासाठी मुखचित्रे रेखाटू लागला. त्याच सुमारास, म्हणजे १६१८ च्या आसपास, जहांगीरच्या दरबारी अबुल हसनने एक चित्र काढले. त्यात पृथ्वीच्या गोलावर सिंह व कोकरू पहुडले आहेत. सिंहावर जहांगीर उभा, कोकरावर इराणचा शहा अब्बास; दोघे एकमेकांस आलिंगन देत आहेत. या दोघांची प्रत्यक्षात कधी गाठच पडली नाही. शिवाय चित्र नीट न्याहाळले तर आढळते की, जहांगीरच्या सिंहाने जवळजवळ सारा गोल व्यापला असून कोकराला पार भूमध्य समुद्राकडे रेटले आहे. फिलिपच्या चित्रकाराने निदान गव्हाण तरी सर्वांना सारखी दिली होती.

१६२२ मध्ये ‘कोकरा’ने जहांगीरकडून कंदाहार जिंकून घेतले.