नापास झालेल्यांची शाळा

लडाखमध्ये एकेकाळी दहावीला बहुसंख्य मुले नापास होत. दोष बुद्धीचा नव्हता. घरी लडाखी बोलणाऱ्या मुलाला आधी उर्दूतून शिकवत आणि नववीत एकदम इंग्रजीतून! मग ‘नापास’ नक्की कोण?

१९८८ मध्ये सोनम वांगचुक व सहकाऱ्यांनी ‘सेकमॉल’ ही संस्था स्थापन केली. लेहजवळच्या फे येथील तिच्या निवासी केंद्रात दहावी नापास होणे हीच प्रवेशाची पात्रता ठरली. मातीच्या इमारती कडक हिवाळ्यातही सूर्याच्या उष्णतेने उबदार राहतात. स्वयंपाक, गाई, भाजीपाला, सौरयंत्रे यांची जबाबदारी मुलेच आळीपाळीने घेतात. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना व्यवस्थापन पुस्तकातच भेटते!

वेगळी शाळा काढून ही मंडळी थांबली नाहीत. १९९४ पासून शासन व गावकऱ्यांना सोबत घेऊन त्यांनी सरकारी शाळांसाठी ग्रामशिक्षण समित्या उभ्या केल्या आणि शिक्षकांना प्रशिक्षण दिले.