गाळलेले म्हणजे निर्धोक नव्हे

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एक काजूबागायतदार, ज्यांच्यापाशी अबकारी खात्याचा रीतसर परवाना आहे आणि ज्यांच्या घरी मोसमात भट्टी पेटविण्याचा शिरस्ता आजोबांच्या काळापासून चालत आला आहे, ते गेल्या उन्हाळ्यात रक्तदाब तपासून घेण्यास आले असता पिशवीतून एक वस्तू काढून माझ्या मेजावर ठेवीत म्हणाले, “डॉक्टर, ह्यातून गाळून घेतली तर फेणी बाधणार नाही ना?” शीतपेयाच्या प्लास्टिकच्या बाटलीचे बूड कापून ती उलटी केलेली, तोंडाशी उशीतला कापूस कोंबलेला, त्यावर शेगडीच्या कोळशाचा चुरा, आणि सर्वांत वर जांभळ्या ओढणीचा एक तुकडा, त्या तुकड्याचा रंग खाली झिरपून कापूस फिकट गुलाबी झाला होता. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्या गुलाबी कापसातच होते.

आपल्या भाषेत ‘दारू गाळणे’ म्हणजे ऊर्ध्वपातन करणे आणि ‘गाळून घेणे’ म्हणजे फडक्यातून काढणे. दोन्ही क्रियांना शब्द एकच असल्यामुळे, आणि पाणी गाळून प्यावे हा संस्कार लहानपणापासून अंगी मुरलेला असल्यामुळे, जे जे गाळले ते ते शुद्ध झाले अशी आपली नकळत खात्री होऊन बसते. परंतु पाणी आणि मद्यार्क यांच्या स्वभावात मोठा भेद आहे. पाणी ज्या रंगाला, रबराला किंवा प्लास्टिकला स्पर्श करून निमूटपणे पुढे जाते, त्याच पदार्थातून मद्यार्क काही ना काही ओढून घेतो, कारण तो उत्तम द्रावक आहे. वैद्य आणि अत्तरवाले त्याचा उपयोग करतात तो याच गुणासाठी. पंधरा टक्क्यांच्या आसपासच्या हुर्राकापेक्षा, म्हणजे पहिल्या गाळपाच्या सौम्य मद्यापेक्षा, चाळीस टक्क्यांच्या पुढची फेणी हे काम अधिक जोमाने करते. म्हणून गाळणी काय काढून टाकते, याआधी ती काय मिसळते, हे पाहिले पाहिजे.

(महाराष्ट्रातील वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे: तेथे 1949 च्या दारूबंदी कायद्यान्वये विनापरवाना घरी दारू गाळणे हा गुन्हा आहे, आणि हा लेख त्यास मुभा देणारा दाखला नव्हे.)

फडके घ्यावयाचे तर ते पांढऱ्या, बिनरंगी, जुन्या सुती मलमलीचे किंवा मांजरपाटाचे घ्यावे, त्यातील खळ व नीळ पूर्णपणे निघेपर्यंत ते साध्या पाण्यात उकळावे, आणि सुवासिक साबणाचा त्यास स्पर्श होऊ देऊ नये. नायलॉनची ओढणी, छापील साडी किंवा बाजारातली रंगीत पिशवी यांना मनाई. कापूस औषधाच्या दुकानात मिळणारा शोषक कापूसच असावा.

कोळशाविषयी मात्र विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण सर्वाधिक गैरसमज तेथेच आहेत. कोळशाने द्रवाचा रंग व दर्प ओढला जातो हे टोबियास लोविट्झ या रसायनशास्त्रज्ञाने 1785 मध्ये रशियात दाखवून दिले, आणि धान्याच्या मद्याची उग्रता घालविण्यासाठी त्याचा उपयोग होऊ लागला. तथापि हे काम खऱ्या अर्थाने करतो तो सक्रिय कोळसा, जो नारळाच्या करवंटीसारख्या पदार्थापासून अतिशय उच्च तापमानावर वाफेच्या साहाय्याने तयार करतात आणि ज्याच्या एका ग्रॅममधील सूक्ष्म छिद्रांचे पृष्ठफळ शेकडो चौरस मीटर भरते. शेगडीतला लोणारी कोळसा त्याच्या जवळपासही जात नाही. कोळशाच्या विकत मिळणाऱ्या विटांत चिकटविण्याची द्रव्ये असतात. रंगविलेल्या किंवा प्लायच्या लाकडाचा कोळसा तर घरातही आणू नये. माशांच्या टाकीसाठी विकला जाणारा कोळसा माणसाच्या पोटासाठी तपासलेला नसतो. खाद्यपदार्थांसाठी म्हणून विकला जाणारा कोळसाच घ्यावा, धुण्याचे पाणी स्वच्छ निघेपर्यंत तो धुवावा, आणि एकदा वापरलेला पुन्हा वापरू नये. माझे वैयक्तिक मत विचाराल तर, जिच्या गंधासाठीच लोक तिला जवळ करतात त्या काजूच्या फेणीला कोळशातून काढण्याचे प्रयोजनच मला समजत नाही.

भांडी काचेची अथवा स्टेनलेस स्टीलची असावीत. घरातील जलशुद्धीकरण यंत्राचे प्लास्टिक पाण्यासाठी पारखलेले असते, मद्यार्कासाठी नव्हे. पीव्हीसीची नळी मऊ राहावी म्हणून तीत घातलेली द्रव्ये मद्यार्कात उतरतात. काजूच्या रसाला आम्लता असल्याने जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीतून जस्त उतरून मळमळ व वांत्या होतात, आणि तांब्याचे भाण, म्हणजे भट्टीचे भांडे, धुतल्यावाचून राहिले तर ते कळकते, हे आपल्या आजीला रसायनशास्त्र न शिकताही ठाऊक होते.

या धातूंत सर्वांत घातक ते शिसे. सांध्याला दिलेल्या डाखात ते असते, हलक्या कल्हईच्या कथिलातही मिसळलेले असू शकते, आणि त्याची चव कळत नाही. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने शिशाची नळी वापरून रम गाळण्यास 1723 मध्येच बंदी घातली होती; इंग्लंडातील डेव्हन परगण्यात सफरचंदाचे मद्य पिणाऱ्यांना जडणारा भयंकर पोटशूळ शिशामुळे होतो हे डॉ. जॉर्ज बेकर यांनी 1767 मध्ये सिद्ध केले. आणि तरीही अमेरिकेतील चोरट्या भट्ट्यांत विसाव्या शतकातही मोटारीचे जुने रेडिएटर वापरून माणसे हाच रोग ओढवून घेत राहिली. पोटात मुरडा, हट्टी बद्धकोष्ठ, पांडुरता, मनगट लुळे पडणे, अशी लक्षणे भट्टीच्या घरात दिसल्यास रक्तातील शिशाची तपासणी करण्यात हयगय करू नये, आणि सांधे शिसेविरहित डाखानेच जोडून घ्यावेत.

आणि मिथेनॉल? ते कोणत्याही फडक्याने, कागदाने वा कोळशाने निघत नाही. आंबलेल्या फळांच्या रसात ते अल्प प्रमाणात असतेच; परंतु मुंबईत विक्रोळीस 2004 मध्ये आणि मालवणीस 2015 मध्ये जी माणसे दगावली, ती कारखान्यांसाठीचे मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. काडी लावून निळी ज्योत पाहण्याची परीक्षाही फसवी आहे, कारण मिथेनॉलही निळेच जळते. पिऊन अर्धा दिवस किंवा अधिक काळ लोटल्यावर डोळ्यांपुढे धुके येणे, पोटात कळा, धाप, ही लक्षणे दिसताच “झोपला की उतरेल” असे म्हणून कोणालाही निजवू नये. त्याच क्षणी, जेथे रक्तशुद्धीची म्हणजे डायलिसिसची सोय आहे अशा रुग्णालयात न्यावे, पोलिसांच्या भयाने काही लपवू नये, आणि उरलेली बाटली फेकून न देता झाकण घट्ट लावून बरोबर घ्यावी.