खेळ आणि कला : व्हिडिओ गेमच्या संदर्भात

‘व्हिडिओ गेमला कला म्हणता येईल का?’ हा प्रश्न लातूर-नांदेडच्या शिकवणीवर्गांच्या वातावरणात अनेकांना थट्टेचा वाटेल. तेथे मोबाईलवरील खेळ हा अभ्यासाचा वैरी मानला जातो. परंतु वेळेचा अपव्यय हा शिस्तीचा प्रश्न आहे. तो कादंबरीवाचनानेही होऊ शकतो. येथे आपल्याला कलेच्या स्वरूपाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम ‘खेळ’ हा शब्द पाहू. मराठीत तमाशाचा, कळसूत्री बाहुल्यांचा आणि सिनेमाचाही ‘खेळ’ होतो. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्या परंपरेतील नाट्यप्रयोगांनाही खेळच म्हणत. अर्थात, केवळ शब्द समान असल्याने कलात्मकता सिद्ध होत नाही.

अमेरिकन चित्रपट-समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी २०१० मध्ये या विषयावर नकारार्थी मत मांडले. खेळाला नियम असतात आणि तो जिंकता येतो. कलाकृती मात्र अनुभवायची असते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. हा आक्षेप तपासण्यासाठी मोक्षपटाचे उदाहरण उपयुक्त ठरते. परंपरा या खेळाचा संबंध ज्ञानेश्वरांशी जोडते. त्यात सद्गुणाच्या घरातून शिडी वर नेते, दुर्गुणाच्या घरातील साप खाली आणतो आणि अखेरचे घर मोक्षाचे असते. येथे जिंकण्याचा नियमच आशय व्यक्त करतो. आजच्या सापशिडीत नियम तेच आहेत. पण घरांची नावे गेली आणि त्यांबरोबर आशयही गेला. यावरून नियम अर्थवाहक होऊ शकतात, पण ते आपोआप तसे होत नाहीत, हे लक्षात येते.

हाच निकष पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेच्या ‘राजी’ (२०२०) या गेमला लावून पाहा. त्यातील छायाबाहुल्यांची दृश्ये सुंदर आहेत. परंतु ते सौंदर्य चित्रकलेचे व कथनाचे आहे. मात्र हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या राजीच्या आठवणींचे विस्कळीत चित्र खेळणारा स्वतः फिरवून जुळवतो, तेव्हा ती कृती म्हणजेच स्मरण ठरते. असा अनुभव केवळ पाहून मिळत नाही. म्हणून ‘सर्व गेम कला आहेत का?’ असे न विचारता ‘या गेममधील कृतीला कोणता अर्थ आहे?’ असे विचारणे अधिक योग्य होय.

स्वाध्याय : माहूरच्या रेणुकेच्या गोंधळात यजमान व श्रोते यांच्या सहभागामुळे अर्थात कोणती भर पडते? त्याची तुलना आपण खेळलेल्या एखाद्या गेमशी करा.