पाहूनही न दिसणे : एक अभ्यास



मनुष्यास डोळे असले म्हणजे त्यास दिसतेच असे नाही. दिवसभरात शेकडो गोष्टी आपल्यापुढून जातात, आणि रात्री अंथरुणास पाठ टेकल्यावर "आज काय पाहिले?" असे कोणी विचारले, तर "काही विशेष नाही" असे आपण सांगतो. हे उत्तर खोटे नसते, परंतु अपुरे असते. लहान वाटणाऱ्या नित्याच्या दृश्यांकडे व सहज कानी पडणाऱ्या शब्दांकडे लक्ष कसे द्यावे, आणि त्या लक्ष देण्याचा आपल्या शेजाऱ्यास काय उपयोग, ह्याचा विचार ह्या पाठात करावयाचा आहे. उदाहरणे आम्ही बहुतेक चांदवड गाव व तालुका ह्यांतील घेतली आहेत. वाचकांनी आपापल्या गावची तशीच शोधून काढावीत.

१. मोठ्यामागे लहान झाकले जाते

चांदवड हे नाशिकपासून सुमारे ६५ किलोमीटरांवर, मुंबई-आग्रा रस्त्यावर, डोंगराच्या रांगेच्या पायथ्याशी वसलेले जुने गाव होय. येथे अहिल्याबाई होळकर (१७२५-१७९५) ह्यांचा रंगमहाल आहे. त्याचे कोरीव लाकडी खांब व भिंतींवरील चित्रे पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. डोंगराच्या कुशीत रेणुकादेवीचे देऊळ आहे. वरच्या गडावर १८१८ साली इंग्रजांचा कायमचा अंमल बसला. एके काळी येथे टांकसाळही होती, आणि तिच्या रुपयास 'चांदवडी रुपया' असे नाव पडले होते. गावाविषयी कोणी विचारले असता आपण हेच सांगतो, आणि ते सांगणे योग्यही आहे.

वर्तमानपत्रांचेही असेच असते. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. त्याच महिन्यात चांदवड येथे शेतकऱ्यांनी महामार्ग रोखून धरला, आणि ही वार्ता सर्वत्र छापून आली. ही बंदी मे २०२४ मध्ये उठली. हे सर्व मोठे होते व ते छापणे अगत्याचे होते. परंतु त्या पाच महिन्यांत कोणत्या घरी मुलीची शाळेची फी राहिली, कोणत्या घरी औषधाची बाटली अर्धीच पुरवून वापरली गेली, हे कोण छापणार? ते शेजाऱ्यालाच दिसावयाचे. आणि शेजाऱ्यास न दिसले तर कोणासही दिसावयाचे नाही.

प्रभू येशू मंदिरातील भांडारासमोर बसला असता श्रीमंत लोक पुष्कळ पैसे टाकीत होते. ते सर्वांस दिसत होते, कारण मोठे नाणे पडताना आवाजही मोठा होतो. एका विधवेने दोन लहान नाणी टाकली, ती त्याने पाहिली व शिष्यांस बोलावून दाखविली. शिष्य तेथेच होते, त्यांचे डोळे चांगले होते. तरी त्यांस बोलावून दाखवावे लागले. ज्या गावात रुपये पाडले जात त्या गावच्या लोकांनी तरी ही गोष्ट विसरू नये, की नाण्याची किंमत त्याच्या वजनावरून ठरते, परंतु दानाची किंमत देणाऱ्याच्या घरी मागे काय उरले ह्यावरून ठरते.

२. आधी नेमके पाहावे, मग मत द्यावे

आपण पुष्कळदा पाहण्यापूर्वीच मत बनवितो. एखाद्या सुवार्तिकास "वाटेत काय पाहिले?" असे विचारले, तर तो म्हणतो, "एक गरीब बिचारी बाई पाहिली." ह्यात त्याने बाईविषयी काहीच सांगितले नाही, आपल्या मनाची स्थिती मात्र सांगितली. तोच जर म्हणाला, "तिच्या एका पायात चप्पल होती व दुसऱ्या पायास चिंधी बांधलेली होती, डोक्यावर जळण होते, आणि ती रस्त्याच्या कडेच्या मातीतून चालत होती, कारण डांबर तापले होते," तर ऐकणाऱ्यास ती बाई दिसते. 'गरीब' व 'बिचारी' हे शब्द गाळूनही दया उत्पन्न होते. किंबहुना अधिक होते, आणि त्या पायास मलमपट्टी हवी हेही कळते.

ह्या कामी आपल्याच जिल्ह्यातील एका भगिनीचे उदाहरण घेण्याजोगे आहे. लक्ष्मीबाई टिळक ह्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे झाला. त्या शाळेत गेल्या नाहीत. अक्षरओळख पतीकडून, म्हणजे कवी नारायण वामन टिळक ह्यांच्याकडून झाली. परंतु १९३४ पासून त्यांची 'स्मृतिचित्रे' भागाभागाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा मोठमोठे विद्वान ती वाचून थक्क झाले. त्यात लढाया नाहीत, दरबार नाहीत. वडिलांचे अतिरेकी सोवळे, पतीचा लहरी व उदार स्वभाव, स्वयंपाकघरातील अडचणी, प्रवासातील फजिती, असेच सर्व आहे. त्यांनी पाहिले ते जसेच्या तसे सांगितले, आणि स्वतःवर हसण्यास त्या कचरल्या नाहीत. ह्यावरून असे दिसते की नेमके पाहण्यास मोठे शिक्षण लागत नाही. त्यास धीर लागतो, व पाहिलेल्यास आपल्या सोयीप्रमाणे रंग न देण्याचा प्रामाणिकपणा लागतो.

३. बोललेल्या शब्दामागचे ऐकावे

चांदवडच्या एस. टी. स्थानकावर एक म्हातारे गृहस्थ हातात चिठ्ठी घेऊन उभे होते. गाडी लागली. त्यांनी पाटीकडे पाहिले, चिठ्ठीकडे पाहिले, आणि शेजारी उभ्या असलेल्या शाळकरी मुलीस म्हणाले, "पोरी, चष्मा घरी राहिला बघ. ही मनमाडची का गं?" मुलीने गाडीची पाटी मोठ्याने वाचली, मग न विचारताच चिठ्ठीही वाचून दाखविली, आणि म्हणाली, "बाबा, पुढची गाडी आली तरी मला सांगा. माझी गाडी उशिरा आहे."

"चष्मा घरी राहिला" हे वाक्य आपण किती वेळा ऐकले असेल! बहुधा त्याचा अर्थ 'मला वाचता येत नाही' असा असतो. त्या मुलीस तो अर्थ समजला असावा. परंतु तिने तो उघड केला नाही. म्हाताऱ्याची अडचण दूर झाली व लाजही राखली गेली. सुशिक्षित मनुष्याने निरक्षरास मदत करावी हे आपण पुष्कळदा सांगतो. ती कशी करावी हे ह्या मुलीकडून शिकावे.

दुसरे उदाहरण कांद्याच्या बाजाराचे घ्या. उन्हाळ कांदा काढल्यावर शेतकरी तो चाळीत चार-सहा महिने साठवितो. त्यात काही सडतो, काही वाळून वजनास कमी भरतो. मग एके दिवशी गाडी भरून तो बाजार समितीत येतो. गाड्यांची रांग लागते. व्यापारी मंडळी एका गाडीकडून दुसऱ्या गाडीकडे सरकत जातात, ओंजळभर कांदा हातात घेऊन पाहतात, क्विंटलमागे भाव बोलला जातो, वाढतो, थांबतो, चिठ्ठी लिहिली जाते. आणि लिलाव पुढल्या गाडीवर जातो. रोप टाकल्यापासूनच्या इतक्या महिन्यांच्या कष्टांचे मोल ठरण्यास एक-दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

अशा एका लिलावानंतर एक शेतकरी गाडीच्या चाकाशी बसून घरी फोनवर बोलत होता. तो इतकेच म्हणाला, "हां, विकला. तू जेवून घे." पलीकडून काही विचारणे झाले असावे. तो थोडा थांबला व पुन्हा म्हणाला, "आल्यावर सांगतो. तू जेवून घे आधी."

भाव त्याने सांगितला नाही. ह्यावरून भाव पडला असे अनुमान काढण्याचा आपणांस अधिकार नाही. कदाचित तो दमलेला असेल, कदाचित चारचौघांत आकडा बोलण्याची त्यास सवय नसेल. परंतु इतके मात्र खात्रीने ऐकू आले, की घरी कोणी उपाशी वाट पाहत आहे व तिने आधी जेवावे असे त्यास वाटते. अशा वेळी "काय भाव मिळाला?" हा प्रश्न कोणीही विचारतो. जवळ बसून "चहा घ्या" म्हणणारा क्वचित भेटतो.

४. काय नाही, तेही पाहावे

जे समोर आहे ते पाहणे सोपे आहे. जे रोज असते व आज नाही, ते पाहणे कठीण. आणि पुष्कळदा तेच सर्वांत महत्त्वाचे असते.

चांदवड तालुक्यात पाऊस बेताचा पडतो, आणि कडक उन्हाळ्यात कित्येक वाड्यांस टँकरची वाट पाहावी लागते. टँकर येण्यापूर्वीच बायका आपापले हंडे-कळशा रांगेत मांडून कामास निघून जातात. हंडा हीच मालकिणीची जागा. तो कोणी मागे सारीत नाही. बाहेरच्या मनुष्यास ती केवळ भांड्यांची रांग वाटते, परंतु वाडीतील बायकांस प्रत्येक हंडा ओळखू येतो: कोणाचा पोचा पडलेला, कोणाच्या गळ्यास तार बांधलेली, कोणावर नाव कोरलेले.

अशा एका वाडीत एका एकट्या राहणाऱ्या वृद्धेची पोचा पडलेली कळशी नेहमी रांगेच्या आरंभी असे, कारण ती पहाटेच ती मांडून ठेवी. एके दिवशी ती कळशी दिसली नाही. दुसऱ्या दिवशीही दिसली नाही. रांगेत भांडी पुष्कळ होती, घाई होती, ऊन चढत होते. आणि एक कळशी कमी असल्यामुळे इतरांची पाळी लवकर येणार होती. तरी एक सून म्हणाली, "आजीची कळशी कालपासून नाही." इतके बोलून ती आपला हंडा रांगेतच ठेवून आजीच्या घरी गेली. वृद्धा तापाने फणफणलेली, दोन दिवसांची उपाशी व तहानलेली पडून होती. तिला लगेच दवाखान्यात नेले, आणि ती वाचली. सून परत आली तेव्हा टँकर निघून गेला होता. परंतु तिचा हंडा भरलेला होता. कोणी भरला हे कोणी सांगितले नाही.

बंधुभगिनींनो, त्या वृद्धेचा जीव कोणत्याही मोठ्या योजनेने वाचला नाही. एका बाईने रांगेतील उणीव पाहिली, म्हणून तो वाचला. आपल्या उपासनेतही अशी एक रांग असते. कोण आले ते आपण मोजतो व वहीत मांडतो. कोण आले नाही, किती रविवार आले नाही, आणि कोणाच्या आवाजाविना गायन पुरे झाले, हे आपण मोजतो काय?

५. ऐकलेले जपावे

आता एक सूचना. लक्ष देणे व टपून बसणे ह्यांत भेद आहे. कानी पडलेला शब्द ही ठेव होय. ती बोलणाऱ्याची आहे, आपली नव्हे. जो ती चावडीवर नेऊन उघडतो, तो कितीही नेमके सांगो, तो चहाडीच करतो. ह्याची कसोटी सोपी आहे. जे पाहिले त्यामुळे आपले पाऊल त्या मनुष्याच्या दाराकडे वळले, तर ते पाहणे चांगले. केवळ जीभ वळवळली, तर ते पाहणे न पाहिल्यासारखेच. किंबहुना त्याहून वाईट. खेड्यात सर्व सर्वांस ओळखतात. म्हणून उपदेशकाने आपल्या बोधात उदाहरण देताना नाव, घर व दिवस गाळावा, आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणाचीही मान खाली जाणार नाही ह्याची काळजी घ्यावी.

अभ्यास

ह्या आठवड्यात पुढील गोष्टी करून पाहाव्यात.

पहिली : दररोज रात्री वहीत एकच ओळ लिहावी. त्यात त्या दिवशी पाहिलेली किंवा ऐकलेली एक लहान गोष्ट असावी. 'चांगले', 'वाईट', 'बिचारे' हे शब्द नसावेत. ज्यांस लिहिता येत नाही त्यांनी ती घरच्या मुलास तोंडी सांगावी व मुलाचीही ऐकावी.

दुसरी : ज्या वाटेने रोज जाता, त्या वाटेवर पूर्वी असलेले व आता नसलेले असे काय आहे, ते शोधावे. एखादे बंद झालेले दार, न पेटलेली चूल, शाळेच्या वेळी शेरडांमागे दिसणारे मूल, असे काही आढळल्यास त्याचे कारण प्रेमाने विचारावे.

तिसरी : शनिवारी वहीतील सहा ओळी वाचाव्यात, आणि त्यांपैकी कोणत्या एका ओळीसाठी आपणांस कोणाच्या घरी जावयास हवे, हे ठरवावे. मग रविवारची वाट न पाहता जावे.

मंडळीच्या वर्गात हे प्रश्न विचारावेत : त्या शाळकरी मुलीने म्हाताऱ्यास "तुम्हांस वाचता येत नाही काय?" असे विचारले असते, तर काय झाले असते? सुनेने आपला हंडा सोडून जाण्यापूर्वी कोणती गोष्ट पणास लावली? आणि आपल्या गावच्या रांगेत आज कोणाची कळशी नाही?

ह्यांतील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर वर्गात देऊ नये. ते ज्याचे त्याने मनात ठेवावे, आणि वर्ग सुटल्यावर त्या घराच्या वाटेस लागावे.